पेशव्यांचा कागद, इंग्रजांची वहिवाट: दादरा-नगर हवेलीच्या वाटेची केस

सीमाभागात कुठल्याही कट्ट्यावर कोर्टाचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली आहेत, एक "आपल्याकडं जुने कागद आहेत की" आणि दुसरं "कोर्टाला अधिकारच नाही म्हणतात ओ ते". २००४ ला महाराष्ट्रानं या सीमाभागासाठी कर्नाटकाविरुद्ध सुप्रीम कोर्टात दावा घातला तेव्हापासून बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या माणसाला जुने दस्तऐवज आणि अधिकारक्षेत्र हे शब्द रेशन कार्डाइतके पाठ झालेत. म्हणूनच मला वाटतं की एक जुनी केस आपल्याकडच्या लोकांनी तरी नीट समजून घ्यायला पाहिजे. पोर्तुगाल विरुद्ध भारत, हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय, निकाल १२ एप्रिल १९६०. विषय दादरा आणि नगर हवेलीला जायच्या वाटेचा.

ही केस मला एवढी का आवडते ते आधीच सांगतो. पोर्तुगालचे वकील हेगमध्ये उभे राहिले ते पुण्याच्या पेशव्यांबरोबर झालेला तह हातात घेऊन, आणि भारताचे वकील, म्हणजे नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचे वकील, उभे राहिले ते निम्म्याहून जास्त इंग्रजांच्या काळातली कागदपत्रं घेऊन. एकाला मराठेशाहीचा आधार पाहिजे होता, दुसऱ्याला ब्रिटिश राजवटीचा. साम्राज्यं गेली तरी त्यांची दप्तरं जात नाहीत, ती कुणाच्या कामाला येतील याचा नेम नसतो.

आता जागा समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. गोवा, दमण, दीव ही पोर्तुगीजांची ठाणी समुद्रकाठची. पण दमणच्या आत, वापीच्या पलीकडं, दादरा आणि नगर हवेली असे दोन तुकडे होते आणि ते चारी बाजूंनी आधी ब्रिटिश आणि मग भारताच्या मुलखानं वेढलेले. समुद्र नाही, दुसरी वाट नाही. दमणहून सिल्वासाला, म्हणजे नगर हवेलीच्या मुख्य गावाला, जायचं तर मधला पट्टा दुसऱ्याचा. खानापूर तालुक्यात शेताला जायच्या वाटेवरून भावाभावांत जो तंटा होतो तोच हा तंटा, फक्त तिथं तहसीलदार पंचनाम्याला येतो आणि इथं निकाल द्यायला वेगवेगळ्या देशांचे पंधरा न्यायाधीश बसले होते.

हे तुकडे पोर्तुगीजांच्या हातात गेलेच कसे? त्याचं उत्तर पुण्यात. १७७९ साल बघा. त्या जानेवारीत वडगावला इंग्रजांची फौज मराठ्यांनी कोंडली, तह करायला लावला, पण युद्ध संपलं नव्हतं. सवाई माधवराव अजून लहान, कारभार नाना फडणवीसांच्या हातात. इंग्रज अंगावर असताना गोव्याच्या फिरंग्यांशी पण वाकडं घेणं परवडणारं नव्हतं. त्यात मराठी आरमारानं पोर्तुगीजांचं सांताना नावाचं जहाज धरलं होतं, त्याच्या भरपाईचा घोळ चालूच होता. १७ डिसेंबर १७७९ ला तह झाला आणि त्यात ठरलं की पोर्तुगीजांना दमणच्या बाजूला बारा हजार रुपये वसुलाची गावं द्यायची. मग १७८३ ला आणि १७८५ ला सनदा निघाल्या आणि गावं दिली गेली. चाळीस वर्षांपूर्वी, १७३९ ला, चिमाजी अप्पांनी वसई घेऊन उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता मोडली होती आणि त्याच दरबारानं आता त्याच पोर्तुगीजांना गावं दिली. याला कुणी कमीपणा म्हणेल, मला तरी नानांचा हिशोब सरळ वाटतो, एक शत्रू एका वेळी.

पण गावं "दिली" म्हणजे नक्की काय दिलं? अख्खी केस इथं अडली. पोर्तुगाल म्हणालं सार्वभौमत्व दिलं, म्हणजे तो मुलूख आमचाच झाला. भारत म्हणाला छे, नुसता वसूल खायचा हक्क दिला. मराठी राज्यात सरदाराला सरंजाम लावून द्यायची पद्धत होती, गावाचा महसूल त्याचा पण गावावरचं राज्य छत्रपतींचं आणि पेशव्यांचंच राहायचं. तसंच हे. शिवाय भारतानं हे पण म्हटलं की तह मुळात पक्का झालाच नाही, दोन्ही बाजूंनी एकाच मसुद्यावर मान्यता दिलेली दिसत नाही.

न्यायालयानं काय म्हटलं ते बघा. तह खरा, दोघांवर बंधनकारक, तो झालाच नाही हे म्हणणं चालणार नाही. पण त्या तहानं आणि सनदांनी मिळाला तो जहागीर-सरंजामासारखा महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नाही. म्हणजे पोर्तुगालनं जो कागद सगळ्यात वर ठेवला होता त्याच कागदावर पोर्तुगाल हरलं. मराठी दरबाराच्या भाषेत मुलूख तोडून देणं वेगळं आणि वसूल लावून देणं वेगळं, हा फरक हेगच्या न्यायाधीशांनी मान्य केला. आपल्याकडं इनामाची, वतनाची, सरंजामाची भांडणं अजून घराघरात आहेत, त्यामुळं बेळगावच्या माणसाला हे समजायला वकील लागत नाही. देसायांच्या वाड्यातला कुणीही म्हातारा सांगेल की इनाम म्हणजे मालकी नव्हे.

इथं केस संपली असं वाटेल. पण खरी केस इथून सुरू होते.

१८१८ ला पेशवाई गेली. इंग्रज त्या भागाचे मालक झाले तेव्हा त्यांना तिथं काय दिसलं? पोर्तुगीज बसलेले, कारभार करणारे, दुसरं कुणी नाही. इंग्रजांनी पेशव्यांची सनद काढून "अरे तुम्ही फक्त वसूलदार" असं काही म्हटलं नाही. आहे ते तसंच चालू ठेवलं, पोर्तुगीजांना तिथले धनी धरूनच वागले. न्यायालय म्हणालं, इंग्रजांनी प्रत्यक्ष वागण्यातून पोर्तुगीज सार्वभौमत्व मान्य केलं आणि पुढं भारतानं पण ते मुकाट्यानं मान्य केलं. सनद नाही तर नाही, वहिवाट आहे.

हीच गोष्ट वाटेची. १८१८ पासून १९५४ पर्यंत, सव्वाशेहून जास्त वर्षं, खाजगी माणसं, सरकारी नोकर आणि माल दमण आणि या तुकड्यांमध्ये ये-जा करत होते. नेहमीचे कस्टमचे आणि पोलिसांचे नियम होते पण वाट मुद्दाम अडवलेली नव्हती. भारत स्वतंत्र झाला तरी हे बदललं नाही. भारताचं म्हणणं की दोनच देशांमध्ये कसली आलीय "प्रथा", प्रथा म्हणजे जगभर पाळतात ती. न्यायालयानं ते उडवून लावलं. दोन देश पिढ्यानपिढ्या एका पद्धतीनं वागले, दोघांनी ती पद्धत मानली, तर त्या दोघांपुरता तो कायदा होतो. आज आंतरराष्ट्रीय कायदा शिकणाऱ्या कुठल्याही पोराला "स्थानिक प्रथा" या धड्यात ही केस वाचावीच लागते.

मग पोर्तुगाल जिंकलं का? तर नाही, आणि इथंच इंग्रजांची कागदपत्रं आपल्या कामाला आली.

फौजेचं बघा. पोर्तुगालला नुसता माणसांचा आणि मालाचा रस्ता नको होता. २१-२२ जुलै १९५४ च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी दादरा घेतलं, २८ जुलैला नरोली गेलं, २ ऑगस्टला सिल्वासा, आझाद गोमंतक दल आणि संघाचे स्वयंसेवक त्यात होते, आपले गायक सुधीर फडके सुद्धा त्या मोहिमेत होते. तिथला पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपले लोक घेऊन मागं हटला आणि ११ ऑगस्टला त्यानं शरणागती दिली. आता पोर्तुगालला परत ताबा घ्यायचा तर शिपाई आणि बंदुका न्यायला वाट पाहिजे. भारतानं सांगितलं नाही मिळणार.

आणि भारताकडं पुरावा काय? तर २६ डिसेंबर १८७८ चा ब्रिटन-पोर्तुगाल तह. आपल्याकडं हा तह वेगळ्या कारणानं ओळखीचा असायला पाहिजे, कारण मुरगाव बंदरातून घाट चढून कॅसलरॉकला येणारी आणि पुढं लोंढ्याला जोडलेली रेल्वे याच तहाच्या व्यवहारातून आली. त्यात मिठाचं नियंत्रण, कस्टमची जुळणी, रेल्वे असं सगळं होतं, आणि एक कलम असं होतं की एकाच्या सशस्त्र फौजेनं दुसऱ्याच्या मुलखात शिरायचं नाही, ठरावीक कारणं सोडली तर रीतसर विनंती करूनच यायचं. तहाची मुदत संपली तरी पुढं व्यवहार तोच राहिला. नंतर सशस्त्र पोलिसांबद्दल १९१३ ला आणि १९२० ला करार झाले, पूर्वसंमतीशिवाय यायचं नाही. १९४० चा करार तर अगदी गमतीचा आहे, दमण ते नगर हवेली रस्त्यावर पोर्तुगीज सशस्त्र पोलीस दहापेक्षा जास्त नसतील तर चोवीस तासांत कळवलं की झालं, दहाच्या वर असतील तर आधी परवानगी. हत्यारांचं पण तसंच, १८७८ च्या आर्म्स ॲक्टखाली पोर्तुगीज हिंदुस्थानातून हत्यारं-दारूगोळा आणायला खास परवाना लागायचा.

म्हणजे वहिवाटीचा नियम एकच, पण ती पोर्तुगालला माणसांसाठी कामाला आली आणि भारताला शिपायांसाठी. जिथं दरवेळी परवानगी मागायला लागत होती तिथं तुझा हक्क होता असं कसं म्हणायचं? न्यायालयानं हेच धरलं.

आमचा भाचा बेळगावातच एलएलबी करतोय. त्याला मी हे सगळं सांगत होतो तर तो म्हणाला, "मामा, ते राहू दे, जिंकलं कोण ते सांगा की." म्हटलं बाबा, आकडेच ऐक. नागरिक, सरकारी अधिकारी आणि माल यांना जायचा हक्क १९५४ ला पोर्तुगालकडं होता, पण भारताच्या नियंत्रणाखाली, हे ११ विरुद्ध ४. फौज, सशस्त्र पोलीस आणि हत्यारं यांना हक्क नव्हता, हे ८ विरुद्ध ७. आणि भारतानं १९५४ ला आपलं बंधन मोडलं नाही, हे ९ विरुद्ध ६. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे हक्क पण होता आणि अडवलं ते पण बरोबर?" हो, तसंच. कारण न्यायालय म्हणालं दादरा पडल्यावर आजूबाजूला एवढा तणाव होता की त्या वेळी वाट बंद करणं हे भारताच्या नियंत्रणाच्या अधिकारात बसतं. पोर्तुगालनं शिष्टमंडळ पाठवू द्या म्हणून मागणी केली होती, भारतानं नाकारली, ते पण चाललं.

खरं सांगायचं तर मला ते ८-७ जास्त भयानक वाटतं. एक न्यायाधीश तिकडं वळला असता तर पोर्तुगीज शिपाई वापीवरून न्यायचा हक्क हेगनं मान्य केला असता. तसं झालं असतं तर नेहरूंनी काय केलं असतं कुणास ठाऊक, पण संयुक्त राष्ट्रांत दरवेळी कायद्याची भाषा बोलणाऱ्या देशाची पंचाईत झाली असती एवढं नक्की.

भारतानं नेमलेले न्यायाधीश होते एम. सी. छागला, मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश, आणि त्या वेळी अमेरिकेतले आपले राजदूत. ज्या देशाचा न्यायाधीश खंडपीठावर नसतो त्याला एक नेमता येतो, त्या नियमानं ते बसले, पोर्तुगालनं पण आपला नेमला. बाजू मांडायला ॲटर्नी जनरल एम. सी. सेटलवाड आणि त्यांच्याबरोबर युरोपातले मोठमोठे कायदेपंडित. एक गोष्ट बघा, इंग्रजांशी लढून स्वातंत्र्य मिळवलेल्या देशाच्या टीममध्ये सर फ्रँक सॉस्किस पण होते, जे आधी ब्रिटिश सरकारचे ॲटर्नी जनरल होते. मला यात काही वावगं वाटत नाही. ज्याच्या दप्तरातले कागद वाचायचे त्याच्या घरचा माणूस जवळ असलेला बरा.

अधिकारक्षेत्राचं प्रकरण मात्र थोडक्यात सांगतो कारण ते वाचताना झोप येते, पण एक तुकडा फार मोलाचा आहे. पोर्तुगालला १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं, १९ तारखेला त्यांनी हेगचा अधिकार मान्य केल्याची घोषणा जमा केली आणि २२ तारखेला भारतावर केस टाकली. दारातून आत आले आणि चपला काढायच्या आधी भांडण. आता भारतावर केस चालली कशी? तर हेगचा अधिकार मान्य केल्याची भारताची घोषणा होती २८ फेब्रुवारी १९४० ची. १९४० ला भारत कुणाचा होता? इंग्रजांच्या राजवटीत दिलेला शब्द स्वतंत्र भारताच्या गळ्यात पडला. भारतानं ७ जानेवारी १९५६ ला ती घोषणा मागं घेतली पण तोवर केस दाखल झालेली होती. मग भारतानं सहा प्राथमिक हरकती घेतल्या. पोर्तुगालची घोषणाच सदोष आहे, आम्हाला कळायच्या आत केस टाकली, वाटाघाटी पुरत्या झाल्या नाहीत, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असं एकेक. २६ नोव्हेंबर १९५७ ला चार फेटाळल्या, दोन मूळ सुनावणीबरोबर जोडल्या, आणि १९६० ला त्या पण गेल्या. जवळजवळ दोन वर्षं नुसतं "तुम्हाला ऐकायचा अधिकार आहे का" आणि मग मूळ विषय. बेळगावचा दावा सुप्रीम कोर्टात कुठं अडलाय हे माहीत असणाऱ्याला यात काही नवीन वाटणार नाही, तिथं कर्नाटकाचं म्हणणं की राज्यांच्या सीमा ठरवायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमानं संसदेचा, कोर्टाचा नाही.

आणि आता तो प्रश्न, जो आपल्याकडं कुणीतरी विचारणारच. आमच्या ओळखीचे एक काका आहेत, तरुणपणापासून सीमाप्रश्नाच्या मोर्चात, १ नोव्हेंबरचा काळा दिवस कधी चुकवलेला नाही. त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग हे आमच्या केसला लागू पडतंय का नाही, ते सांग." मी म्हटलं काका, सरळ लागू पडत नाही, तिथं दोन देश होते आणि इथं एकाच देशातली दोन राज्यं आहेत, इथं सार्वभौमत्वाचा प्रश्नच येत नाही. पण एक गोष्ट लागू पडते आणि ती आपल्या बाजूला फारशी सोयीची नाही. हेगला १७७९ चा कागद वाचून न्यायाधीश थांबले नाहीत. नंतर सव्वाशे वर्षं लोक कसे वागले, कुणी कुणाची परवानगी मागितली, कुणी गप्प बसलं, हे त्यांनी कागदापेक्षा वर धरलं. १९५६ पासून आजवरचा काळ आपल्या विरोधात वहिवाट म्हणून कुणी दाखवू शकतो. म्हणून दरवर्षी हरकत नोंदवणं, निषेध करणं, ठराव करणं याला कायद्यात किंमत आहे, ते नुसतं भावनेचं नाही. काका म्हणाले, "म्हणजे आम्ही मोर्चे काढले ते वाया नाही गेले." नाही गेले. गप्प बसणाऱ्याची वहिवाट बुडते, बोंब मारणाऱ्याची तेवढी सहज बुडत नाही, निदान माझं वाचन तरी असंच आहे.

हेगमध्ये सुनावणी चालू होती त्या वर्षांत आपल्या भागात काय चाललं होतं ते पण बघायला पाहिजे, कारण केसच्या कागदात ते दिसत नाही. जुलै १९५४ ला दादरा पडलं तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. २२ डिसेंबर १९५५ ला केस पडली तेव्हा पण मुंबई राज्यातच. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. निकाल लागला १२ एप्रिल १९६० ला आणि तीन आठवड्यांच्या आत १ मे ला महाराष्ट्र झाला, आपल्याला बाहेर ठेवून. एका बाजूला मराठी सनदांवर हेगमध्ये खल आणि दुसऱ्या बाजूला मराठी मुलखाचीच वाटणी.

आणि गोव्याची नाकेबंदी. १९५५ ला भारतानं गोव्याशी व्यवहार तोडला. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही पत्रादेवीकडून, कॅसलरॉकच्या बाजूनंही आत शिरले, पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या घातल्या, वीसच्या वर माणसं गेली. रेल्वे थांबली. आता ज्याला बेळगाव आणि गोव्याचं नातं माहीत आहे त्याला कळेल की याचा अर्थ काय, आजसुद्धा चोर्ला घाटातून रोज पहाटे भाजीच्या गाड्या उतरल्या नाहीत तर पणजीत भाव भडकतात. तेव्हा ते सगळं बंद. पोर्तुगीजांनी मग बटाटे हॉलंडहून मागवले. बेळगावच्या बटाट्याला बदली हॉलंडचा बटाटा आणि वाटेचा निकाल पण हॉलंडच्याच हेगमध्ये, योगायोग बघा. त्याच काळात लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी गोवामुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र चालवलं, २५ नोव्हेंबर १९५५ ला सुरू झालं, आधी आंबोलीच्या जंगलात आणि मग कॅसलरॉकला. हेगमध्ये सरकारी वकील आणि इथं रानात ट्रान्समीटर, दोन्ही एकाच वेळी.

दादरा-नगर हवेलीचं त्या वर्षांत काय? केस चालू असताना भारत ते सामील करून घेऊ शकत नव्हता, नाहीतर कोर्टात तोंड कसं दाखवणार. म्हणून सात वर्षं तो भाग ना पोर्तुगीजांचा ना भारताचा. तिथं वरिष्ठ पंचायत नावाची मंडळी कारभार बघत होती. निकाल लागल्यावर पण लगेच काही झालं नाही, वर्षभर गेलं, मग १९६१ ला के. जी. बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसासाठी तिथला पंतप्रधान केलं, कारण भारताच्या पंतप्रधानाबरोबर विलीनीकरणाच्या करारावर सही करायला बरोबरीच्या हुद्द्याचा माणूस पाहिजे. घटनेची दहावी दुरुस्ती झाली आणि ११ ऑगस्ट १९६१ ला दादरा-नगर हवेली केंद्रशासित प्रदेश झाला. कायदा असा हुद्द्याला जपतो.

त्याच वर्षी डिसेंबरात गोवा घ्यायला बेळगाव छावणीत एवढी फौज आली की ती आठवण सांगणारे लोक आत्ताआत्तापर्यंत होते. १७ इन्फन्ट्री डिव्हिजन मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या हाताखाली, ५० पॅरा ब्रिगेड ब्रिगेडियर सगत सिंग यांच्याकडं. बेळगावजवळच्या सांबऱ्याहून उडालेल्या हंटर विमानांनी गोव्यातलं बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं, एक ब्रिगेड अनमोडकडून घाट उतरली. १८ डिसेंबरला सुरू, १९ ला गव्हर्नर जनरल व्हसालो ई सिल्वा यांची शरणागती. हेगमध्ये सव्वाचार वर्षं, इथं दोन दिवसांत मामला. सुरक्षा परिषदेत भारतानं माघार घ्यावी असा ठराव आला, सात मतं बाजूनं, चार विरोधात, पण त्या चारांत सोव्हिएत व्हेटो होता म्हणून ठराव पडला. पाश्चात्य देशांनी तेव्हा भारताला खूप सुनावलं, हेगमध्ये एवढ्या सभ्यतेनं लढलेला देश रणगाडे घेऊन गेला म्हणून. पण वर्षानुवर्षं पोर्तुगाल गोव्याला "समुद्रापारचा प्रांत" म्हणत होतं आणि चर्चेलाच बसत नव्हतं, १९५३ ला भारतानं लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली ती याच कारणानं. वाटेच्या हक्कावर न्यायालय बोलू शकत होतं, मुळात गोव्यात राहायचा पोर्तुगीजांना हक्क आहे का यावर ते बोललंच नाही कारण ते कुणी विचारलंच नव्हतं.

मग तेरा वर्षं अबोला. पोर्तुगालमध्ये एप्रिल १९७४ ला हुकूमशाही पडली आणि नवीन सरकारनं वसाहतींचा नाद सोडला. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत करार झाला, पोर्तुगालकडून मारिओ सोआरिश आणि भारताकडून परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. पेशव्यांच्या तहानं सुरू झालेलं प्रकरण एका मराठी माणसाच्या सहीनं मिटलं. त्यानंतर संबंध बरेच सुधारले, तेच सोआरिश १९९२ ला प्रजासत्ताक दिनाचे प्रमुख पाहुणे म्हणून दिल्लीत आले. १९६१ ला बँको नॅशनल अल्त्रामारीननं लिस्बनला नेलेलं गोवेकरांचं गहाण सोनं १९९१ ला परत आलं. मडगावशी घराण्याचं नातं असलेले अंतोनियो कोश्ता पोर्तुगालचे पंतप्रधान झाले. आणि १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, त्यासाठी बापाचे-आज्याचे जन्माचे दाखले शोधत फिरणारी पोरं गोव्यातच नाही तर ज्यांचं आजोळ गोव्यात आहे अशी आपल्याकडची पण आहेत.

आता त्या १९७४ च्या कराराचं पहिलं कलम बघा. पोर्तुगालनं गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवर भारताचं पूर्ण सार्वभौमत्व मान्य केलं, पण कधीपासून? तर भारताच्या घटनेप्रमाणे ते ते भाग ज्या तारखेला भारताचे झाले त्या तारखेपासून. म्हणजे दादरा-नगर हवेलीसाठी ११ ऑगस्ट १९६१. जी तारीख तिथले लोक मुक्तिदिन म्हणून साजरा करतात ती २ ऑगस्ट १९५४. त्या मधल्या सात वर्षांत जन्मलेल्या आणि शाळेत घातलेल्या पोराच्या जन्माच्या दाखल्यावर नक्की कुठल्या सरकारचा शिक्का असायला पाहिजे, यावर ना हेग काही बोललं ना चव्हाण-सोआरिश करार. भाच्याला मी प्रोजेक्टला हाच विषय घे म्हटलंय.